सिमेंटचं परमिट आणि ट्रस्टची पावती: अंतुले प्रकरणाचा अभ्यास

12 जानेवारी 1982 रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बी. लेंटिन यांनी रिट याचिका क्रमांक 1165/1981 वर निकाल दिला. मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांच्या अधिकारात झालेलं सिमेंटचं वाटप आणि इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या यांचा एकमेकांशी संबंध आहे, असा निष्कर्ष त्यात होता. याचिका पी. बी. सामंत आणि इतरांची. 20 जानेवारीपासून अंतुले मुख्यमंत्री राहिले नाहीत, त्यांच्या जागी बाबासाहेब भोसले आले. न्यायालयाच्या निकालामुळे महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्याला खुर्ची सोडावी लागण्याची ही पहिलीच वेळ.

लोकांच्या बोलण्यात हे प्रकरण ‘सिमेंट घोटाळा’ म्हणून राहिलं. नाव ऐकलं की टेबलाखालून सरकवलेलं पाकीट डोळ्यांसमोर येतं. प्रकरणाची कागदपत्रं वेगळंच सांगतात. पैसे एका ट्रस्टच्या नावाने गेले. ट्रस्टचा हेतू साहित्य आणि कलाक्षेत्रातल्या गुणवंतांना मदत करण्याचा. त्यावर पंतप्रधानांचं नाव. सगळं उजळ माथ्याने. म्हणून हे प्रकरण साध्या लाचखोरीपेक्षा जास्त शिकवतं: स्वतःच्या खिशात काही पडत नाही याची खात्री असलेला माणूस कुठवर जाऊ शकतो, हे इथे तारीखवार पाहायला मिळतं.

सिमेंट म्हणजे तेव्हा काय होतं

आज कोपऱ्यावरच्या दुकानात हवी तितकी गोणी मिळते, त्यामुळे ‘सिमेंटचं परमिट’ ही गोष्ट तरुण वाचकाला समजावून सांगावी लागते. 1967 च्या सिमेंट नियंत्रण आदेशानुसार किंमत आणि वितरण दोन्ही सरकारच्या हाती होतं. केंद्राचा सिमेंट कंट्रोलर राज्यांना तिमाही कोटा देई, आणि राज्याची नागरी पुरवठा यंत्रणा तो परमिटांवर वाटे. घराला गिलावा करायचा असो की विहिरीला कठडा बांधायचा, अर्ज करा, हेलपाटे घाला, परमिट मिळालं की दुकानदाराकडे माल आहे का ते बघा. काळ्या बाजारात भाव दुप्पट, आणि गोणीत राख मिसळलेली नसेल याची हमी नाही.

हिशोब मांडून पाहिला की परमिटावरच्या सहीचं मोल लक्षात येतं. गोणी 50 किलोची, म्हणजे टनाला 20 गोण्या. समजा नियंत्रित भाव आणि काळ्या बाजारातला भाव यांत गोणीमागे 30 रुपयांचा फरक आहे. टनामागे 600 रुपये झाले, हजार टनांमागे 6 लाख. बिल्डरने त्यातले दोन लाख कुठल्याशा ट्रस्टला दिले तरी तो चार लाखांनी फायद्यात राहतो. शिवाय काम अडून न राहिल्याने व्याज वाचतं ते वेगळं. मुंबईसारख्या शहरात खरं मोल या वाचलेल्या महिन्यांचंच असतं. म्हणजे देणगी ‘स्वेच्छेने’ दिली असं म्हणताना बिल्डर खोटं बोलत असेलच असं नाही. त्याला ती परवडत होती.

आणि हे 6 लाख निर्माण कोणी केले? सिमेंट कारखान्याने नाही, बिल्डरनेही नाही. टंचाई आणि सही या दोघांनी मिळून ते निर्माण केले. ज्याच्या हातात ती सही, त्याच्या टेबलावर दर सकाळी असे लाखो रुपये पडलेले असतात, आणि त्याने ते फक्त कोणाला द्यायचे एवढंच ठरवायचं असतं.

तदर्थ कोटा

नेहमीच्या वाटपाबाहेर काही माल हाताशी ठेवणं यात मुळात वावगं काही नाही. वादळाने शाळेचं छप्पर उडतं, रुग्णालयाची इमारत स्लॅबवर अडते, धरणाचं काम पावसाआधी उरकायचं असतं. अशा वेळी रांगेतला नंबर येईपर्यंत थांबता येत नाही. यासाठी ‘ॲड-हॉक’ म्हणजे तदर्थ वाटप असतं, आणि कुठल्याही टंचाईच्या वस्तूला ते लागतंच. बिघाड कुठे होतो हेही ठरलेलं आहे. तदर्थ वाटप किती टक्क्यांपर्यंत, कोणत्या कारणांसाठी, कोणाच्या शिफारशीने आणि कोणत्या नोंदीसह, या चार गोष्टी लिहून ठेवलेल्या नसतात. त्या नसल्या की अपवादाचा दरवाजा मुख्य दरवाजा होतो. मग रांगेत उभा राहतो तो फक्त ज्याची ओळख नाही तो.

मंत्रालयातली नस्ती, म्हणजे फाइल, कशी चालते हे इथे महत्त्वाचं. अर्ज आवक होतो, कक्ष अधिकारी टिप्पणी लिहितो, ती अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी वर जाते आणि शेवटी मंत्र्याच्या सहीला येते. या प्रवासात प्रत्येकाला ‘नाही’ किंवा ‘नियमात बसत नाही’ असं लिहिण्याची एक संधी असते. दुसरा रस्ता उलटा आहे. अर्जदार थेट वर भेटतो, अर्जाच्या कोपऱ्यावर तिरक्या अक्षरांत शेरा पडतो आणि मग तो कागद खाली येतो. आता कक्ष अधिकाऱ्याला टिप्पणी लिहायची आहे ती आधीच झालेल्या निर्णयाला कारण शोधण्यासाठी. शेरा असलेल्या अर्जावर विरोधात टिप्पणी लिहिणारा अधिकारी विरळा, आणि त्याला त्याची किंमत माहीत असते. काही महिन्यांत कार्यालयाला सवय लागते: टिप्पणी लिहिण्याआधी ‘साहेबांच्या मनात काय आहे’ ते विचारायचं. तेव्हापासून शेऱ्याचीही गरज उरत नाही.

माणूस

अंतुले नालायक मुख्यमंत्री होते असं म्हणून हे प्रकरण निकालात काढणं सोपं आहे, पण ते चुकीचं ठरेल. रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचा हा माणूस, लंडनला जाऊन बॅरिस्टर झालेला, राज्याचा पहिला मुस्लीम मुख्यमंत्री. 9 जून 1980 ला शपथ घेतली आणि कामाचा धडाका लावला. निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्याच काळातली, आणि ती आजही चालू आहे. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. 1 मे 1981 ला सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे झाले, ज्यांची मागणी वर्षानुवर्षं कागदावर पडून होती. निर्णय झटपट घेणारा, नियमांच्या अडथळ्यांना न जुमानणारा मुख्यमंत्री अशी प्रतिमा होती आणि ती बरीचशी खरी होती.

गोम इथेच आहे. ज्या गुणाने निराधाराचा पगार सुरू होतो, त्याच गुणाने तदर्थ सिमेंटही सुटतं. नियम बाजूला सारून चांगलं काम केलं की टाळ्या पडतात. चार वेळा टाळ्या पडल्या की नियम म्हणजे लाल फीत आणि आपण म्हणजे लोकहित, असं समीकरण मनात पक्कं बसतं. पाचव्या वेळी नियम कशासाठी होता हे विचारायला आसपास कोणी उरत नाही.

शिवाय खुर्चीचा पाया पाहा. 1980 च्या काँग्रेसमध्ये मुख्यमंत्री दिल्लीहून ठरे. आमदारांचा पाठिंबा दुय्यम, श्रेष्ठींची मर्जी मुख्य. अशा मुख्यमंत्र्याने ट्रस्टला पंतप्रधानांचं नाव दिलं की त्याला दुहेरी कवच मिळतं. देणगी मागताना ‘कोणासाठी’ हे सांगावं लागत नाही, आणि पक्षात कोणी शंका घेतली तर ती शंका थेट त्या नावावर गेल्यासारखी होते.

दोन नोंदवह्या शेजारी ठेवल्या

31 ऑगस्ट 1981 रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला आणि प्रकरण फुटलं. देणग्या आणि सवलती यांची सांगड त्यात घातली होती. पुढे न्यायालयासमोर मुख्य प्रश्न हाच होता: या दोन गोष्टी शेजारीशेजारी योगायोगाने आल्या, की एक दुसरीची किंमत होती?

या प्रकारच्या व्यवहारात ‘पैसे द्या, सिमेंट घ्या’ असं कोणी लिहून देत नाही. पुरावा परिस्थितीतूनच उभा राहतो, आणि तो उभा करण्याची रीत लेखापरीक्षकाची आहे. एका बाजूला वाटपाची नोंदवही: अर्जदार, मागितलेले टन, मंजूर टन, मंजुरीची तारीख, मंजुरी देणारा. दुसऱ्या बाजूला ट्रस्टचं पावतीपुस्तक: देणगीदार, रक्कम, तारीख. दोन्हींतली समान नावं काढायची. कंपन्यांची नावं वेगळी असली तर भागीदार आणि पत्ते जुळवायचे. मग चार गोष्टी बघायच्या. मंजुरी आणि पावती यांत किती दिवसांचं अंतर आहे? टन वाढले की रक्कमही त्या प्रमाणात वाढते का? ज्यांनी दिलं नाही त्यांचे अर्ज कुठे अडकले? आणि या देणगीदारांनी याआधी कधी कला-साहित्याला पैसा दिला होता का? चौथा प्रश्न साधा वाटतो, पण उलटतपासणीत तोच बोचतो.

एखादी जोडी जुळली तर तो योगायोग असू शकतो. यादीच्या यादी जुळली आणि मंजुरी नेहमीच्या रस्त्याने न येता वरून आलेली असली, की योगायोगाचं स्पष्टीकरण देण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. न्या. लेंटिन यांनी वाटप आणि देणग्या यांच्यातलं नातं मान्य केलं ते या प्रकारच्या जुळवणीवरून.

साखर कारखाने: धमकी कुठे होती?

सिमेंटइतकीच साखरेची बाजू बोलकी आहे, पण तिची चर्चा कमी होते. सहकारी साखर कारखान्यांचे अनेक प्रश्न सरकारदरबारी पडून होते. आरोप असा होता की मुख्यमंत्र्यांनी कारखान्यांना देणगी द्यायला सांगितलं आणि त्यांच्या अडचणींत लक्ष घालण्याचं आश्वासन दिलं. फिर्यादी पक्षाने यात खंडणीचाही आरोप ठेवला, भारतीय दंड संहितेच्या कलम 384 खाली.

17 एप्रिल 1986 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खंडणीचे तीन प्रस्तावित आरोप मान्य केले नाहीत. खंडणीसाठी भीती घातलेली असावी लागते. कारखान्यांना कसली भीती दाखवली, धमकीमुळे पैसे दिले, असा पुरावा पुढे आलेला नव्हता. बाकीच्या गुन्ह्यांचे आरोप मात्र ठेवा, असं न्यायालयाने सांगितलं.

कायद्याच्या दृष्टीने हा फरक बरोबर आहे, आणि सत्तेचं वागणं समजून घ्यायला तो फार उपयोगी आहे. ज्याची फाइल तुमच्याकडे अडकली आहे त्याला धमकी द्यावी लागत नाही. ‘तुमचं बघतो’ एवढं म्हटलं तरी पुरतं. चेअरमन काय समजायचं ते समजतो. आणि त्याच्याही खिशातून काही जात नाही. उसाच्या बिलातून टनामागे काही रक्कम कापून कुठल्या ना कुठल्या फंडाला देण्याची पद्धत राज्यात जुनीच. देणाऱ्याचे स्वतःचे पैसे नाहीत, घेणाऱ्याच्या स्वतःच्या घरात जात नाहीत. अशा व्यवहारात दोघांनाही झोप चांगली लागते. ज्या ऊस उत्पादकाचं बिल कापलं जातं, तो या बैठकीत नसतो.

‘मी एक पैसाही घेतला नाही’

या बचावाला लोकांत वजन असतं. कायद्यात ते फारसं नाही. तेव्हाच्या दंड संहितेच्या कलम 161 मध्ये शब्द स्पष्ट होते: लोकसेवकाने स्वतःसाठी किंवा दुसऱ्या कोणासाठी कायदेशीर मेहनतान्याखेरीज लाभ घेतला, तरी तो गुन्हा. ट्रस्ट हा ‘दुसरा कोणी’ होऊ शकतो. मंत्र्याच्या ताब्यातला, त्याच्या शब्दाने पैसा खर्च करणारा ट्रस्ट तर नक्कीच. गुणवंतांना मानधन, शिष्यवृत्ती, संस्थांना अनुदान हे सगळं वाटण्याचा मान ज्याच्याकडे जातो, त्याच्याकडे सत्ताच जाते. ती बँकेत मोजता येत नाही एवढंच.

कायद्यापेक्षा आचारसंहिता इथे जास्त उघडी पडते. केंद्राने 1964 मध्ये केंद्र आणि राज्यांतल्या मंत्र्यांसाठी आचारसंहिता केली. तो काळ भ्रष्टाचार रोखण्याचे उपाय सुचवणाऱ्या संथानम समितीच्या अहवालाचा, केंद्रीय दक्षता आयोग स्थापन होण्याचा. संहितेत लिहिलं आहे की मंत्र्याने स्वतः किंवा कुटुंबीयांमार्फत कोणत्याही कारणासाठी, राजकीय असो वा धर्मादाय, देणगी स्वीकारू नये. वाचायला कडक. पण पुढचंच कलम म्हणतं की निधी गोळा करण्याच्या कामाशी मंत्र्याने संबंध ठेवू नये, अपवाद नोंदणीकृत संस्था, धर्मादाय संस्था, मान्यताप्राप्त संस्था आणि राजकीय पक्ष यांचा. पैसे फक्त त्या संस्थेच्या ठरावीक पदाधिकाऱ्याकडे पाठवले जातील एवढं बघायचं.

म्हणजे मंत्र्याने चेक हातात घ्यायचा नाही, पण चेक मागायला हरकत नाही. ज्याच्याकडे मागतो आहे त्याचा अर्ज त्याच मंत्र्यापुढे आहे का, हा प्रश्न संहिता विचारतच नाही. या संहितेचा भंग झाला तर शिक्षा करणारी स्वतंत्र यंत्रणाही नाही. पाळली का हे बघायचं मुख्यमंत्र्यांनी, आणि मुख्यमंत्र्यांनी पाळली का हे बघायचं पंतप्रधान आणि गृहमंत्र्यांनी. ट्रस्ट कोणाच्या नावाचा होता ते आठवलं की या साखळीची ताकद कळते.

खटल्याची परवानगी खुर्चीकडेच मागायची

लेख आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, 1 सप्टेंबर 1981 ला, भाजपचे मुंबईतले नेते रामदास नायक यांनी राज्यपालांकडे अंतुले यांच्यावर खटला भरायची परवानगी मागितली. 1947 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 6 नुसार ती लागत होती. 11 सप्टेंबरला त्यांनी एस्प्लनेडच्या महानगर दंडाधिकारी न्यायालयात फिर्याद दाखल केली, पण परवानगी नसल्याने भ्रष्टाचाराच्या कलमांखाली ती टिकत नाही असं तिथे ठरलं.

आता पेच पाहा. राज्यपाल एरवी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. मुख्यमंत्र्यावर खटला भरावा की नाही याचा सल्ला मुख्यमंत्र्याच्याच मंत्रिमंडळाने द्यायचा? उच्च न्यायालयात राज्याच्या वतीने मान्य करण्यात आलं की अशा वेळी राज्यपालांनी स्वतःच्या विवेकाने ठरवावं. पुढे सर्वोच्च न्यायालयात राज्य सरकारने पवित्रा बदलला, आपण तसं मान्यच केलं नव्हतं असं सांगितलं. न्यायालयात काय घडलं याची न्यायाधीशांनी निकालात केलेली नोंद अंतिम, ती अशी नाकारता येत नाही, असं सांगून 28 जुलै 1982 ला सर्वोच्च न्यायालयाने राज्याचं म्हणणं फेटाळलं. त्याच दिवशी राज्यपालांनी तीन विषयांशी संबंधित पाच बाबींपुरती परवानगी दिली. 9 ऑगस्टला विशेष न्यायाधीशांपुढे नवी फिर्याद आली.

दहा वर्षं आणि न्यायालयाची स्वतःची कसोटी

यानंतरचा प्रवास किचकट आहे, पण वगळण्यासारखा नाही. जुलै 1983 मध्ये विशेष न्यायाधीश आर. बी. सुळे यांनी अंतुले यांना आरोपमुक्त केलं: ते अजून आमदार आहेत, आमदार हा लोकसेवक, म्हणून त्या पदासाठीची परवानगीही हवी होती. 16 फेब्रुवारी 1984 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी हे रद्द केलं. आमदार दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवक नाही; आणि परवानगी लागते ती ज्या पदाचा गैरवापर झाला त्या पदावर माणूस न्यायालयाने खटल्याची दखल घेण्याच्या वेळी असेल तरच. मुख्यमंत्रिपद गेलेलं होतं, प्रश्न मिटला. त्याच निकालात न्यायालयाने आपणहून आणखी एक पाऊल टाकलं. खटला लवकर संपावा म्हणून तो विशेष न्यायाधीशांकडून काढून थेट उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांकडे, रोजच्या रोज चालवायला दिला.

तिथे 57 साक्षीदार तपासले गेले. 43 प्रस्तावित आरोपांपैकी 21 ठेवले, 22 नाकारले. त्यावर 1986 चा तो सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. मग दुसऱ्या न्यायाधीशांनी 79 आरोप ठेवले. आणि 29 एप्रिल 1988 ला सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ठरवलं की 1984 चा तो आदेशच चुकला होता. कायद्याने असे खटले फक्त विशेष न्यायाधीशांनी चालवायचे आहेत. उच्च न्यायालयात थेट खटला चालवल्याने आरोपीचा अपिलाचा एक टप्पा हिरावला गेला. न्यायालयाच्या चुकीचा भुर्दंड पक्षकाराला नको, म्हणून खटला पुन्हा विशेष न्यायाधीशांकडे.

अनेकांना हा निकाल बड्या माणसाला मिळालेली सूट वाटला. वस्तुस्थिती अशी आहे की हेतू चांगला, घाई रास्त, म्हणून कायद्याने आखलेला रस्ता सोडला तर चालेल, हाच विचार या प्रकरणाच्या मुळाशी आरोपीच्या बाजूनेही होता. सर्वोच्च न्यायालयाने तो स्वतःच्या बाबतीत मोडून काढला, आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. 10 डिसेंबर 1991 ला याच प्रकरणात पाच न्यायाधीशांनी जलद खटल्याच्या हक्काची तत्त्वं मांडली, जी आजही देशभर उद्धृत होतात. खटला रद्द करायला मात्र नकार दिला. या प्रकरणात अंतुले यांना कधी शिक्षा झाली नाही. पुढे ते नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री आणि मनमोहन सिंग यांच्या मंत्रिमंडळात अल्पसंख्याक व्यवहार मंत्री झाले. 2014 मध्ये त्यांचं निधन झालं. उच्च न्यायालयाचा 1982 चा निष्कर्ष रिट याचिकेतला आहे, फौजदारी दोषसिद्धी नव्हे. हे लिहिताना अनेकजण गल्लत करतात.

परमिट मेलं, सवय राहिली

अंतुले यांनी पद सोडल्यानंतर सहा आठवड्यांत, 28 फेब्रुवारी 1982 ला, केंद्राने सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त केलं. उत्पादनाचा साधारण दोन तृतीयांश भाग लेव्हीत, म्हणजे सरकारी दराने आणि सरकारी वाटपासाठी, बाकीचा खुल्या बाजारात. 1 मार्च 1989 ला उरलेलं नियंत्रणही उठलं. कारखाने वाढले, माल मुबलक झाला आणि सिमेंटच्या परमिटाची किंमत शून्यावर आली. कुठल्याही शुद्धीकरण मोहिमेने जे झालं नसतं ते पुरवठा वाढल्याने झालं.

पण सगळ्याच गोष्टींचा पुरवठा वाढवता येत नाही. मुंबईतली जमीन वाढत नाही. वैद्यकीय महाविद्यालयाची जागा, वाळूचा घाट, दारूचा परवाना, पेट्रोलपंप या सहीच्या वस्तू राहिल्या. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय पेट्रोलियम मंत्र्यांच्या स्वेच्छा कोट्यातून झालेलं 15 पेट्रोलपंपांचं वाटप रद्द केलं, तेव्हा दोष तोच निघाला: निकष नाही, कारण नोंदलेलं नाही, मर्जी आहे. तिथे ट्रस्टही नव्हता.

आज हेच तपासायचं झालं तर

वाटपाची बाजू आता पूर्वीपेक्षा उघडी आहे. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4(1)(ख)(तेरा) नुसार सवलती, परवाने आणि अधिकारपत्रं मिळालेल्यांचा तपशील प्रत्येक कार्यालयाने आपणहून जाहीर करायचा आहे. तो नसेल तर अर्ज करताना ‘सर्व माहिती द्या’ असं लिहू नये, हमखास फेटाळला जातो. कालावधी ठरवून मागावं: अमुक महिन्यांतले अर्ज, मंजुरी आदेश, नस्तीवरच्या टिप्पण्या आणि शेऱ्यांसह पानांच्या प्रती. शेरा आणि टिप्पणी यांच्या तारखांचा क्रम पहिल्यांदा बघावा. शेरा आधी आणि टिप्पणी नंतर असेल तर बाकीची पानं सावकाश वाचली तरी चालतील.

ट्रस्टच्या बाजूला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली विश्वस्तांची नोंद, बदल अर्ज आणि दरवर्षीचे लेखापरीक्षण अहवाल तिथे असतात, त्यांच्या प्रमाणित प्रती मिळतात. विश्वस्तांत मंत्र्याचे आप्त, स्वीय सहायक किंवा त्याच्या मतदारसंघातली संस्थाचालक मंडळी आहेत का, हे नोंदीतून कळतं. कोणत्या वर्षी देणग्या अचानक फुगल्या तेही कळतं, आणि ते वर्ष खातं हातात आल्याचं आहे का हे पडताळता येतं.

अडतं ते तिसऱ्या पायरीवर. लेखापरीक्षण अहवालात देणगीची एकूण रक्कम असते, देणगीदारांची यादी बहुधा नसते. देणगीदाराला आयकरात 80 जी ची सवलत मिळवून देणाऱ्या ट्रस्टांना 2021-22 पासून देणगीदारनिहाय विवरण फॉर्म 10 बीडी मध्ये आयकर खात्याकडे भरावं लागतं, पण ते खात्यापुरतं, लोकांना खुलं नाही. देणगीदार सामाजिक दायित्वाखाली (सीएसआर) खर्च करणारी कंपनी असेल, तर तिच्या वार्षिक अहवालात प्रकल्प आणि राबवणाऱ्या संस्थेचा उल्लेख सापडतो, आणि ती वाट अजून फारशी कोणी चोखाळलेली नाही. भागीदारी संस्था आणि वैयक्तिक देणगीदार मात्र यातून निसटतात. बिल्डरांचे बरेच व्यवहार याच दोन प्रकारांत चालतात.

फौजदारी बाजू तर आणखी आवळली गेली. 1984 चा नियम असा होता की पद गेलं की परवानगीचं कवच गेलं. 2018 च्या दुरुस्तीने 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं खटल्याच्या परवानगीचं कलम 19 बदललं, त्यामुळे माजी लोकसेवकालाही ते कवच मिळालं. त्याच दुरुस्तीत कलम 17-अ आलं: लोकसेवकाने पदाच्या कामात केलेली शिफारस किंवा घेतलेला निर्णय यांच्या चौकशीलाच पूर्वमंजुरी हवी. रामदास नायकांनी 1 सप्टेंबर 1981 ला राज्यपालांकडे जो अर्ज दिला होता तो खटल्यासाठी होता. पोलिसांनी आज तशाच निर्णयाची नुसती चौकशी करायची म्हटली तरी त्याआधी एक अर्ज करावा लागेल.